टोडसाहेबांची गच्छंती

लहान मुलांसाठी बांधलेल्या या राइडचा शेवट नरकात होत असे. जुन्या वळणाच्या बुटक्या मोटारीत बसायचं, स्टिअरिंग धरायचं (ते कुठेही फिरवा, मोटार आपल्या रुळावरूनच जाणार) आणि निघायचं. समोरची दारं धाडकन उघडतात, एका श्रीमंत आणि बेफिकीर बेडकाच्या हवेलीतलं सामान उधळत मोटार बाहेर पडते, गावच्या चौकात पोलिसांची तारांबळ उडवते आणि थेट आगगाडीच्या बोगद्यात शिरते. समोरून इंजिनाचा दिवा, कर्कश शिट्टी, धडक. पुढच्या वळणावर लालभडक उजेड आणि शिंगं असलेली छोटी छोटी सैतानं. आपण अपघातात मेलो आणि पाप्यांच्या मुक्कामी पोचलो, हे पाच वर्षांच्या पोरालाही समजावं इतकं उघड. मग शेवटचं दार उघडतं आणि बाहेर फ्लोरिडाचं रणरणतं ऊन. खेळ सगळा दोन-अडीच मिनिटांचा.

राइडचं नाव 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड'. केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' या 1908 सालच्या पुस्तकातला टोड हा मोटारींच्या नादाने घरदार धोक्यात घालणारा उमदा, बढाईखोर गृहस्थ. डिस्नीने 1949 मध्ये त्याच्यावर चित्रपट केला आणि 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं तेव्हा पहिल्याच दिवसापासून टोडची राइड तिथे होती. नरक मात्र पुस्तकातही नाही आणि चित्रपटातही नाही. तो राइड रचणाऱ्यांनी पदरचा घातला. मला या राइडचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच. चिरडून मेलेल्या प्रवाशाला सैतानांच्या हवाली करून ही राइड काहीही शिकवत नाही. टोड सुधारत नाही, बसणाराही सुधारत नाही. उतरून पुन्हा रांगेत उभा राहतो.

फ्लोरिडातलं डिस्नीचं पार्क मॅजिक किंगडम 1 ऑक्टोबर 1971 ला सुरू झालं, तिथेही टोड पहिल्या दिवसापासून हजर. या प्रकाराला 'डार्क राइड' म्हणतात. मोठी बंद शेड, आत प्लायवूडचे कापलेले देखावे, त्यांच्यावर चमकणारे रंग आणि ते उजळवणारे अतिनील दिवे. आजच्या मानाने तंत्र साधंच. पण फ्लोरिडातल्या राइडला एक गंमत जास्तीची होती. तिथे दोन वेगळे रूळ होते. कोणत्या बाजूच्या मोटारीत बसता त्यावर आतली दृश्यं बदलत आणि गावच्या चौकात दोन्हीकडच्या मोटारी एकमेकींसमोर येत. म्हणजे एकदा बसून ही राइड पुरी पाहून होतच नसे. घरच्या मंडळींबरोबर दरवर्षी येणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे फार मोलाचं. एकाने डावीकडून पाहिलेलं दुसऱ्याने पाहिलेलं नाही, आणि दोघांनाही आपली बाजू खरी वाटते.

ऑक्टोबर 1997 मध्ये 'ऑर्लँडो सेंटिनेल' या स्थानिक दैनिकात बातमी आली की टोडची राइड बंद करून तिथे 'विनी द पूह'ची राइड बांधायचं घाटतंय. कंपनीने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुढचे कित्येक महिने ती मूग गिळून होती आणि पक्की तारीख लोकांना कळली ती अगदी शेवटी शेवटी. मधल्या काळात थीम पार्कच्या इतिहासातलं एक विलक्षण आंदोलन उभं राहिलं. टोडचे चाहते मॅजिक किंगडममध्ये ठरवून एकत्र जमू लागले. अंगात हिरवे टी-शर्ट, त्यांवर मिकी टोडचा जीव का घेतोय ते मला विचारा, अशा अर्थाची ओळ. या जमण्याला त्यांनी नाव दिलं 'टोड-इन', साठच्या दशकातल्या धरण्यांची आठवण करून देणारं. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. रांगेत उभं राहायचं, राइडमध्ये बसायचं, कोणी टी-शर्टबद्दल विचारलं तर समजावून सांगायचं. कंपनीच्या अधिकाऱ्यांना निषेधाची पोस्टकार्डं पाठवायची.

या धरण्यातली विसंगती आंदोलकांच्याही नजरेतून सुटली नसणार. थीम पार्क ही खाजगी मालमत्ता. तिच्या आत पाऊल टाकायलाही तिकीट लागतं. म्हणजे निषेध करायचा तर आधी ज्याचा निषेध करायचा त्याच्या गल्ल्यात पैसे टाकायचे, आणि बंद होऊ घातलेल्या राइडची प्रवासीसंख्या आपल्या अंगाने वाढवायची. सरकारी कचेरीसमोर बसणाऱ्याला निदान रस्ता तरी सार्वजनिक मिळतो. इथे गिऱ्हाईक म्हणून ओरडा करायचा एवढीच सोय होती, आणि गिऱ्हाइकाला मत असलं तरी मतदान नसतं.

7 सप्टेंबर 1998, सोमवार. अमेरिकेत त्या दिवशी 'लेबर डे'ची सुट्टी होती. फ्लोरिडातला टोड त्या दिवशी शेवटचा नरकात गेला. पुढच्या जूनमध्ये त्याच इमारतीत पूह अस्वलाची राइड सुरू झाली. मोटारींच्या जागी मधाची भांडी आली, बोगद्याच्या जागी वाऱ्या-पावसाचा दिवस.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कळल्यावर या भांडणाला वेगळाच रंग चढतो. पूहला जन्म देणाऱ्या ए. ए. मिल्नचं ग्रॅहमच्या पुस्तकावर विलक्षण प्रेम होतं. त्याने स्वतः त्यावरून 'टोड ऑफ टोड हॉल' हे नाटक लिहिलं आणि ते 1929 मध्ये रंगभूमीवर आलं. पूहची जगप्रसिद्ध चित्रं काढणाऱ्या ई. एच. शेपर्डने 1931 मध्ये 'द विंड इन द विलोज'चीही चित्रं काढली. म्हणजे ज्याने टोडला घराबाहेर काढलं तो पूह आणि टोड कागदावर एकाच हातातून उतरलेले, आणि पूहचा लेखक टोडचा भक्त. पुस्तकांच्या कपाटात हे दोघे एकमेकांना खेटून सुखाने नांदत होते. जागेचा प्रश्न आला तो थीम पार्कमध्ये.

जागेचा म्हणजे कसला, हा चाहत्यांचा पहिला सवाल असतो. फ्लोरिडात कंपनीकडे हजारो एकर जमीन आहे, मग पाडापाडी कशाला? शेजारी बांधा की नवी राइड. ऐकायला बिनतोड वाटतं. पण पार्कच्या कुंपणाबाहेरची जमीन टोडची राइड होती त्या फँटसीलँड या भागातल्या गल्लीच्या कामाची नसते. तिथे प्रत्येक इमारत दुसरीला चिकटलेली, वर दर्शनी भागाची सजावट, खाली कर्मचाऱ्यांचे बोगदे. शिवाय जुनी राइड ठेवून नवी वाढवली तर चालवणारे हात वाढतात, देखभाल वाढते, वीज वाढते, तिकीट मात्र तेच राहतं. थीम पार्कमध्ये एकदा आत शिरलेला माणूस प्रत्येक राइडचे वेगळे पैसे देत नाही, त्यामुळे एखादी राइड स्वतः किती कमावते हे मोजता येत नाही. मोजता येतात त्या दोनच गोष्टी: तासाला किती माणसं बसली आणि उतरल्यावर त्यांनी काय विकत घेतलं. पूहची राइड थेट दुकानात संपते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला पूहच्या वस्तूंची विक्री खुद्द मिकीला आव्हान देत होती. टोडची बाहुली तेव्हा कोणाला हवी होती?

यातला दुसरा पेच असा की पार्कमध्ये येणारे लोक दोन जातींचे. एक आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येणारे. दुसरे वर्षाचा पास काढून पुन्हा पुन्हा येणारे, बहुतेक जवळपास राहणारे. पहिल्या जातीच्या कुटुंबातलं सहा वर्षांचं मूल 1998 साली पूहला ओळखत होतं, टोडला नाही. त्याच्या लेखी काहीच हरवलं नव्हतं. दुसऱ्या जातीतल्या माणसाच्या लेखी राइड हा देखावा राहिलेलाच नसतो. दरवर्षी तेच दार, तेच वळण, तोच धक्का, हेच त्याला हवं असतं. कंपनीने पहिल्याचा विचार केला यात आश्चर्य नाही. पण हीच कंपनी दुसऱ्या जातीची पैदास करण्यासाठी आपल्या जाहिरातींत आजोबा, वडील आणि नातू एकाच राइडमध्ये बसलेले दाखवत आली. पिढ्यानपिढ्यांच्या आठवणी, असं म्हणत तिने पास विकले. लोकांनी ते खरं मानलं. मग आठवणीच्या मालकीवरून वाद झाला की लोक भाबडे आहेत, यंत्राला जीव लावतात, असं म्हणणं कंपनीच्या वकिलाला शोभेल, आपल्याला नाही.

वॉल्ट डिस्नीचं एक मत अशा वेळी हमखास पुढे केलं जातं: जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर डिस्नीलँड पुरं होणार नाही, ते वाढतच राहील. त्याचं म्हणणं प्रामाणिक होतं, त्याच्या हयातीत पार्क सतत बदलत होतं. मात्र वाढणं आणि जागा रिकामी करणं यांतला फरक या वाक्याच्या आडोशाला सोयीस्करपणे दडवता येतो.

पूहबद्दल आणखी थोडं. तो दिसायला मऊ असला तरी जागा बळकावण्यात पटाईत निघाला. 2003 मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये त्याची राइड आली ती गाणाऱ्या अस्वलांचा 'कंट्री बेअर' खेळ हटवून. 2005 मध्ये फ्लोरिडात जुन्या पाणबुडीच्या राइडच्या जागेवर मुलांचं खेळाचं अंगण झालं, तेही पूहच्याच नावाने. ती पाणबुडी 1994 मध्ये बंद झाली तेव्हा लोकांना वाटलं होतं की हे तात्पुरतं आहे. टोडचे चाहते 1997 मध्ये इतक्या तातडीने उठले त्यामागे या पाणबुडीचा अनुभव असणार, असं मला वाटतं. एकदा गाफील राहिलेली माणसं दुसऱ्यांदा लवकर जागी होतात.

टोडच्या आंदोलकांच्या हाती काय लागलं? एक तसबीर. पूहच्या फ्लोरिडातल्या राइडमध्ये घुबडाच्या घरातून जाताना भिंतीवर एक चित्र दिसतं: टोड घुबडाच्या हाती मालकीहक्काचा कागद देतोय. चाहत्यांना हे चित्र फार प्रिय आहे, ते येताजाता एकमेकांना दाखवतात. मला त्यातली चलाखी जास्त भावते. चित्रातला टोड राजीखुशीने जागा सोडतोय. कब्जा नाही, खटला नाही, रीतसर हस्तांतर. शेजारच्या 'हाँटेड मॅन्शन' या भुताच्या वाड्याबाहेर पाळीव प्राण्यांची गमतीची दफनभूमी आहे, तिथेही टोडचा एक पुतळा उभा आहे. खर्च नगण्य, आणि राग निम्मा उतरतो. युनिव्हर्सल कंपनीनेही हाच मार्ग धरला. ऑर्लँडोत किंग काँगची राइड 2002 मध्ये बंद करून 'ममी'ची आणली, तर तिच्या खजिन्यात काँगचा सोनेरी पुतळा ठेवला. 'बॅक टू द फ्यूचर'च्या जागी 'सिम्पसन्स' आले तेव्हा जुन्या राइडमधल्या डॉक ब्राउनला नव्या राइडच्या सुरुवातीच्या चित्रफितीत छोटीशी भूमिका मिळाली. आता तर नवी राइड उघडली की चाहते आधी जुन्याची खूण शोधतात.

कॅलिफोर्नियातला टोड वाचला. तो आजही मोटार हाणतो आणि आजही नरकात जातो.

चाहत्यांनी खरोखर काही परत मिळवलं असेल तर ते एप्कॉटमध्ये. मॅजिक किंगडमशेजारच्या या पार्कात 1983 पासून 'जर्नी इन्टू इमॅजिनेशन' नावाची राइड होती. लाल दाढीचा ड्रीमफाइंडर आणि फिगमेंट नावाचा जांभळा, वात्रट, पिटुकला ड्रॅगन तिचे नायक. 1998 मध्ये ती बंद झाली आणि वर्षभराने जे उघडलं त्यात ड्रीमफाइंडर नव्हताच, फिगमेंटही जेमतेम नावापुरता. राइड आखूड झालेली, कोरडी झालेली. तक्रारींचा एवढा मारा झाला की दोन वर्षांत ती पुन्हा बंद करावी लागली आणि 2002 मध्ये फिगमेंटला परत आणून, नावातही घालून ती तिसऱ्यांदा सुरू झाली. जुनी राइड काही परत आली नाही. मागणी ड्रॅगनची होती, ड्रॅगन मिळाला. आणि 2022 च्या जानेवारीत एप्कॉटमध्ये फिगमेंटच्या आकाराचा पॉपकॉर्नचा डबा विकायला ठेवला, तर त्यासाठी लोक कित्येक तास रांगेत उभे राहिले. ज्या पात्राला कंपनीने एकेकाळी अडगळीत टाकलं, त्याच्याच प्लास्टिकच्या डब्यावर तिने कमाई केली. टोडचे टी-शर्टही आता कंपनीच विकते.

आतापर्यंतच्या भांडणांत एक बाजू पैशाची होती आणि दुसरी जिव्हाळ्याची, त्यामुळे कोणाची कड घ्यायची ते ठरवणं अवघड नव्हतं. 'स्प्लॅश माउंटन'च्या वेळी हे सोपेपण संपलं.

स्प्लॅश माउंटन म्हणजे ओंडक्याच्या आकाराच्या होडीत बसून पाण्याच्या पाटातून डोंगरात फिरायचं आणि शेवटी साधारण 50 फुटांवरून कोसळायचं. टोनी बॅक्स्टर या रचनाकाराला ही कल्पना 1983 मध्ये गाडी चालवत कामावर जाताना, वाहतुकीच्या कोंडीत अडकलेला असताना सुचली असं तो सांगत आला आहे. त्याच्यापुढे तीन अडचणी होत्या. डिस्नीलँडच्या एका कोपऱ्यात गर्दी फिरकत नव्हती. पाण्याची घसरगुंडी हवी होती. आणि 'अमेरिका सिंग्ज' या ओस पडत चाललेल्या कार्यक्रमातले शंभराहून अधिक यांत्रिक प्राणी लवकरच बेकार होणार होते. त्याने तिन्ही गाठी एकदम सोडवल्या. 17 जुलै 1989 ला उघडलेल्या नव्या डोंगरात गाणारे बहुतेक प्राणी जुन्या कार्यक्रमातून उचललेले होते. म्हणजे पुढे जिच्यासाठी लोक रडले ती राइड दुसऱ्या एका बंद पडलेल्या खेळाच्या सामानातून उभी राहिली होती. त्या जुन्या कार्यक्रमातल्या दोन हंसांची तर कातडी सोलून त्यांचे 'स्टार टूर्स'साठी यंत्रमानव केले होते.

प्राण्यांना गोष्ट हवी म्हणून बॅक्स्टरने 1946 चा 'साँग ऑफ द साउथ' हा डिस्नीचा चित्रपट निवडला, आणि घोळ इथेच आहे. चित्रपटाचा आधार जोएल चँडलर हॅरिसच्या अंकल रीमसच्या गोष्टी. हॅरिस जॉर्जियातला गोरा पत्रकार. मळ्यांवर गुलामीत राबलेल्या कृष्णवर्णीयांकडून ऐकलेल्या कथा त्याने एका प्रेमळ म्हाताऱ्या निवेदकाच्या तोंडी घातल्या. कथा अस्सल, पण त्या मिठाईसारख्या ज्या कागदात गुंडाळल्या तो कागद मळ्यावरच्या सुखी, समाधानी सेवकांचं खोटं चित्र रंगवणारा. चित्रपट आला त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेने त्यावर आक्षेप घेतला. अंकल रीमसची भूमिका करणारा जेम्स बॅस्केट अटलांटातल्या पहिल्या खेळाला जाऊ शकला नाही, कारण त्या शहरात वर्णभेदाचे कायदे होते. पुढे 1948 मध्ये त्याला ऑस्करचा मानद पुरस्कार मिळाला. चित्रपट 1986 नंतर अमेरिकेतल्या पडद्यावर आला नाही, कंपनीने तिथे त्याची कॅसेट किंवा डीव्हीडी कधीच काढली नाही.

गोष्टींचं मूळ मात्र हॅरिसच्या फार पलीकडचं. बलवानांना बुद्धीने चकवणारा ससा पश्चिम आफ्रिकेतल्या कथांतून गुलामांबरोबर अमेरिकेत गेला. डांबराच्या बाहुलीला एकेक हातपाय चिकटत जाणाऱ्या सशाची कथा तर थेट भारतापर्यंत नेता येते, असं लोककथांचे अभ्यासक जोसेफ जेकब्स यांनी 1892 मध्येच सुचवलं होतं. जातकात पाच शस्त्रांचा राजपुत्र एका चिकट केसांच्या राक्षसाला असाच अवयवाअवयवाने चिकटतो. सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा पंचतंत्रातला ससा ज्यांनी लहानपणी ऐकलाय त्यांना हॅरिसच्या गोष्टींतला ससा, ब्रेर रॅबिट, परका वाटू नये.

राइड बांधताना अंकल रीमसला गाळलं होतं, डांबराच्या बाहुलीऐवजी मधाचं पोळं घातलं होतं. म्हणजे काय झाकायचंय हे 1989 मध्ये बांधणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं. परिणाम असा झाला की चित्रपट तळघरात बंद राहिला आणि राइड जगभर गाजली. तीस वर्षांत तिच्यात बसलेल्या बहुसंख्य लोकांनी चित्रपटाचं एक दृश्यही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी तो फक्त ससा, कोल्हा आणि अस्वल.

25 मे 2020 ला मिनिआपोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा खून झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत अमेरिकेत पुतळे, रस्त्यांची नावं, सगळंच तपासलं जाऊ लागलं. स्प्लॅश माउंटन बदला, अशी सह्यांची मोहीम निघाली, लगोलग ती वाचवा अशीही निघाली. 25 जून 2020 ला कंपनीने जाहीर केलं की दोन्ही अमेरिकन पार्कांतली राइड 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' या 2009 च्या चित्रपटावर बेतली जाईल. नायिका टियाना, डिस्नीची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. काम आदल्या वर्षीपासूनच चालू होतं, असंही कंपनीने सांगितलं.

मग जो गदारोळ झाला त्यात अनेक आवाज एकमेकांत मिसळले होते आणि ते वेगळे करून ऐकायला हवेत. काहींचं दुःख निखळ होतं: माझ्या आईबरोबर मी पहिल्यांदा या घसरगुंडीवर ओरडलो, तेवढंच. काहींचा युक्तिवाद होता की आम्ही तो चित्रपट पाहिलाच नाही, राइडमध्ये वर्णद्वेष दाखवा कुठे आहे. काहींचा संताप राइडपेक्षा नव्या नायिकेच्या रंगावरच जास्त होता, आणि तो आठवणींच्या आड लपवलेला सहज ओळखू येत होता. उलट बाजूला, ज्यांना डोंगरामागचं पुस्तक माहीत होतं त्यांच्यासाठी प्रत्येक फेरी म्हणजे तळघरातल्या चित्रपटाची चालती जाहिरात होती. आणि एक मत मला या सगळ्यांत जास्त नेमकं वाटलं: टियानाला राइड द्यायचीच होती तर नवी कोरी द्यायची, दुसऱ्याचं वादग्रस्त घर झाडूनपुसून कशाला?

मला विचाराल तर राइड बदलायला हवी होती. पण दोष आठवण जपणाऱ्यांचा नाही. जवळपास चार दशकं वादात असलेला चित्रपट 1983 मध्ये निवडणाऱ्यांनी मुलांच्या हाती एक गोड आठवण दिली आणि तिच्या पोटात काय आहे ते सांगितलं नाही. 2020 मध्ये त्याच मुलांना, आता पस्तिशी-चाळिशीत, ते एका पत्रकातून कळलं. चिडतील नाही तर काय?

मॅजिक किंगडममधला शेवटचा दिवस 22 जानेवारी 2023. कित्येक तासांच्या रांगा लागल्या. नंतर ईबेवर स्प्लॅश माउंटनचं पाणी बाटल्या-बरण्यांतून विकायला आलं. खरंच त्या पाटातलं की घरच्या नळाचं, कोण तपासणार! कॅलिफोर्नियात 30 मे 2023 पर्यंत डोंगर चालू राहिला. टोकियोत तो आजही आहे, कारण तिथलं पार्क ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीचं आहे आणि डिस्नीकडून फक्त परवाना घेतलेला आहे. ज्यांना परवडतं ते अमेरिकन चाहते आता ब्रेर रॅबिटला भेटायला पॅसिफिक ओलांडतात.

'टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर' 28 जून 2024 ला फ्लोरिडात आणि 15 नोव्हेंबरला कॅलिफोर्नियात उघडली. यांत्रिक पुतळ्यांची तारीफ झाली, न्यू ऑर्लीन्सच्या संगीताची झाली. सुरुवातीच्या महिन्यांत राइड वारंवार बंद पडत असे, त्यावर बोलणीही बसली. पण कसलेल्या चाहत्यांची तक्रार वेगळी होती आणि ती ऐकण्यासारखी आहे. डोंगर तोच, पाट तोच, चढण तीच, कोसळणं तेच. जुन्या गोष्टीत हे कोसळणंच कथेचा कळस होतं. कोल्ह्याने पकडलेला ससा गयावया करतो: काहीही कर, पण मला त्या काटेरी झुडपात फेकू नकोस. चढणीच्या माथ्यावर दोन गिधाडं आपल्यालाही तसंच धमकावतात. मग कोल्हा फेकतो, आपण कोसळतो, आणि झुडूप तर सशाचं माहेर! भीती, युक्ती आणि सुटका एकाच घसरणीत. नव्या गोष्टीत टियाना मार्दी ग्रा या उत्सवाच्या समारंभासाठी वादक शोधते, चित्रपटातली जादूगारीण ममा ओडी आपल्याला जादूने लहान करते आणि शेवटची घसरण आपल्याला मूळ आकारात आणते. चित्रपटातला खलनायक डॉक्टर फॅसिलिए कुठेच नाही. कोणी पाठीमागे लागलेलं नसताना माणूस 50 फुटांवरून का पडेल, हा प्रश्न चाहते विचारतात तेव्हा त्यांना नुसते स्मरणरंजनात बुडालेले म्हणून उडवून लावता येत नाही. पाण्याच्या राइडमध्ये उंची आधी बांधली जाते आणि गोष्टीला त्या उंचीवरून पडण्याचं कारण द्यावं लागतं. नव्या राइडमधून वाईट माणूसच काढून टाकला, आणि त्याबरोबर कारणही गेलं.

कंपनीही 1998 पासून शिकली आहे. आता बंद होण्याची तारीख आधी जाहीर होते, त्यामुळे शेवटचे काही महिने गर्दीचे जातात. याचं अलीकडचं उदाहरण मॅजिक किंगडममधल्या 'रिव्हर्स ऑफ अमेरिका'चं. 1971 पासूनची ही वळणदार कृत्रिम नदी, तिच्यात फिरणारी चाकाची आगबोट आणि मधोमध टॉम सॉयरचं बेट. 'कार्स' चित्रपटाच्या मोटारींसाठी जागा करायची म्हणून 6 जुलै 2025 हा तिचा शेवटचा दिवस ठरला. इथे वर्णाचा वाद नव्हता, जुन्या चित्रपटाचं पाप नव्हतं. लोक म्हणत होते की भर उन्हात, गोंगाटात निवांत बसायला ही एकच जागा होती. कंपनीच्या मापाने हा फार दुबळा बचाव. बेटावर रांग लागत नसे आणि आगबोटीची बाहुली कोणी विकत घेत नाही.

कॅलिफोर्नियातली अशीच नदी 2016 मध्ये 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागासाठी आखूड केली होती. तेव्हाही ओरड झाली, पण 2017 मध्ये ती नव्या कड्या-धबधब्यांसह पुन्हा वाहू लागली आणि कुरकुरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मान्य केलं की ती पूर्वीपेक्षा देखणी झालीय. फ्लोरिडातल्या चाहत्यांनी हाच दाखला देत निदान अर्धी नदी तरी ठेवा असं म्हणून पाहिलं. आराखड्यात नदीला जागा नव्हती.